ताईंना विचारा : टाकीतल्या भ्रूणांचं काय करायचं?

मागच्या अंकात आयव्हीएफबद्दल, म्हणजे लॅबमध्ये बीज फळवून मूल होण्याच्या उपचाराबद्दल, लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं, की उरलेले भ्रूण मूलपेशींच्या म्हणजे स्टेम सेलच्या संशोधनाला देता येतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. बहुतेक पत्रांत प्रश्न विज्ञानाचा नाहीच, देवाचा आहे. मला ते बरं वाटलं, कारण मी 26 वर्षं परळ-दादरच्या लॅबमध्ये भ्रूण सांभाळले आणि मी देव मानणारी बाई आहे, सकाळी दिवा लावल्याशिवाय चहा घेत नाही, त्यामुळे हे प्रश्न मला स्वतःलाही कधी सुटलेले नाहीत.

प्रश्न : ताई, सहा वर्षांपूर्वी आयव्हीएफ केलं, पहिल्याच खेपेला मुलगा झाला. तीन भ्रूण अजून क्लिनिकमध्ये फ्रीझ केलेले आहेत, दरवर्षी त्याचे पैसे भरतो. माझी तब्येत बघता दुसरं मूल नको असं आम्ही दोघांनी ठरवलंय. परवा क्लिनिकचा फॉर्म आला, त्यात तीन चौकोन : पुढे ठेवायचे, नष्ट होऊ द्यायचे, संशोधनाला द्यायचे. मी तिसऱ्यावर टिक करणार होते तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं ती आपली नातवंडं आहेत, त्यांची चिरफाड करायला देणार? पाप लागेल." तेव्हापासून झोप नाही. रिसेप्शनवरची मुलगी म्हणते सही करा मॅडम, सगळेच करतात. — स., प्रभादेवी

स., आधी एक कर, आज सही करू नकोस. "सगळेच करतात" हे कारण साडी घेतानाही पुरत नाही, इथे कुठून पुरणार. तुमच्या हातात वेळ आहे, 2021 च्या एआरटी, म्हणजे कृत्रिम गर्भधारणेच्या कायद्याने भ्रूण 10 वर्षांपर्यंत ठेवता येतात, त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणी असलेल्या संशोधन संस्थेला द्यायचे. म्हणजे तुमची अजून चार वर्षं बाकी आहेत, आणि त्या क्लिनिकने तुला हे आधीच बसवून सांगायला हवं होतं.

आता टाकीत नेमकं काय आहे ते सांगते, कारण सासूबाईंच्या डोळ्यांसमोर बाळ आहे आणि रिसेप्शनवरच्या मुलीसमोर कागद, आणि खरी गोष्ट या दोन्हीत बसत नाही. टाकी उघडली की आधी पांढरा धूर अंगावर येतो, ती नायट्रोजनची वाफ, आतलं तापमान उणे 196 अंश. त्यात पेनाच्या रिफिलहून बारीक अशा प्लास्टिकच्या नळ्या, टोकाला आईचं नाव आणि नंबर. नळीच्या दुसऱ्या टोकाला थेंबाचाही थेंब म्हणावा एवढ्याशा द्रवात भ्रूण. पाचव्या दिवसाचा असेल तर साधारण शंभर-दीडशे पेशींचा गोळा, डोळ्याला जेमतेम ठिपका. मायक्रोस्कोपखाली मात्र बघत राहावं असं रूप असतं, बाहेरून पेशींचं गोल कडं, आत पोकळी आणि एका बाजूला चिकटलेला छोटासा पुंजका. बाहेरच्या कड्याची पुढे वार होते, आतल्या पुंजक्यातून बाळ. त्यात हृदय नाही, मज्जातंतू नाहीत, दुखणं-खुपणं नाही. पण ते नुसतं रक्त-मांसही नाही, हे मी इतकी वर्षं बघून सांगते. माझ्यासमोर असा गोळा आपलं पातळ कवच फोडून बाहेर सरकताना मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा नकळत माझे हात जोडले गेले होते.

संशोधनात काय होतं तेही गोड न करता सांगते. आतला तो पुंजका काढून घेतात आणि डिशमध्ये वाढवतात. तो काढला की भ्रूण म्हणून जे होतं ते तिथेच संपतं. चिरफाड या शब्दाने सासूबाईंच्या मनात जे येतं तसं नाही, पण भ्रूण राहत नाही हे खरंय, आणि कुणी तुला "काही होत नाही हो त्याला" म्हणालं तर त्याचं ऐकू नकोस. त्या पेशी मात्र वर्षानुवर्षं वाढत राहतात आणि त्यांच्यापासून हृदयाच्या, मेंदूच्या, स्वादुपिंडाच्या पेशी बनवता येतात. माणसाच्या भ्रूणातून अशा पेशी पहिल्यांदा वेगळ्या केल्या 1998 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसन यांनी. आणि हे फक्त परदेशातलं नाही बरं का, आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, आपल्या परळच्या प्रजनन आरोग्य संस्थेतही अशा मूलपेशींच्या दोन मालिका तयार झाल्यात. याच संस्थेने आणि केईएम हॉस्पिटलने मिळून 6 ऑगस्ट 1986 ला मुंबईतली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आणली. आज तुझा मुलगा शाळेत जातो त्याच्या मागे कुणीतरी, कधीतरी लॅबमध्ये दिलेली अशी स्त्रीबीजं आणि भ्रूण आहेत. हे मी तुझ्यावर दडपण यावं म्हणून सांगत नाही, पण माहीत असावं.

आता पाप. आपल्याकडे याला एकच उत्तर नाही. गर्भोपनिषदात क्रम दिलाय, एका रात्रीत कलल, सात रात्रीत बुडबुडा, पंधरा दिवसांत पिंड, असं करत सातव्या महिन्यात जीवाशी संयोग. चरकसंहितेत वेगळं, तिथे शुक्र, शोणित आणि जीव तिघं एकत्र आले की सुरुवातीपासूनच जीव आहे, पण गर्भ हे नाव कधी, तर हे सगळं कुशीत असेल तेव्हा. कुशीत हा शब्द मी किती वेळा वाचला असेन! टाकीतला भ्रूण कुशीत नाही आणि कुशीत गेल्याशिवाय त्याचं बाळ होऊ शकत नाही. तरी यावरून "बघा, चरकांनी परवानगी दिली" असं मी म्हणणार नाही, त्यांच्यासमोर काचेची डिश नव्हती आणि त्यांच्या तोंडी आपलं सोयीचं वाक्य घालणं मला पटत नाही. एवढंच म्हणते, की जीव कधी येतो यावर आपल्याच ऋषींचं एकमत नव्हतं, मग तुमच्या घरात ते नाही याची इतकी लाज कशाला.

विज्ञानानेही रेघ ओढलीय. 1984 मध्ये इंग्लंडमध्ये वॉरनॉक समितीने सुचवलं की लॅबमध्ये भ्रूण 14 दिवसांपुढे वाढवू नये, कारण साधारण त्याच सुमाराला शरीराच्या आखणीची पहिली रेघ उमटते, आणि तोपर्यंत एका भ्रूणाचे दोन होऊन जुळीही होऊ शकतात. आपल्याकडच्या नियमातही ती 14 दिवसांची मर्यादा आहे. आणि खुद्द त्या नियमात भ्रूणाचा मान आहेच : नवरा-बायको दोघांची लेखी संमती, वापर होण्याआधी कधीही मागे घेता येते, एक रुपयाचा व्यवहार नाही, भ्रूण विकणं गुन्हा आहे.

मला विचारशील तर मी दिले असते. माझ्या मनाला विकणं आणि टाकून देणं खुपतं, देणं खुपत नाही, दधीचींनी अस्थी दिल्या ही गोष्ट लहानपणी ऐकूनच आपण मोठे झालो ना. पण त्यांनी स्वतःच्या दिल्या, भ्रूणाला कुणी विचारलेलं नाही, हा सासूबाईंचा मुद्दा मनात ठेवूनच मी हे म्हणते. त्या "नातवंडं" म्हणाल्या त्याला अडाणीपणा समजू नकोस. माझ्या लॅबमध्ये एक जोडपं आलं होतं, त्यांना संशोधनाला द्यायचं नव्हतं, नष्ट होऊ द्यायचे होते, आणि सोबत नवऱ्याची आई. मी नळी बाहेर काढून टेबलावर ठेवली, बाहेरच्या हवेत ती दोन क्षणांत पांढरीशुभ्र झाली आणि मग दव उतरलं. त्या आजींनी पदराच्या गाठीतून तुळशीचं एक पान काढलं, नळीशेजारी ठेवलं आणि हात जोडून उभ्या राहिल्या. लॅबमध्ये बाहेरचं पान आणू नये असा नियम आहे, त्या दिवशी मी काही बोलले नाही. तर सासूबाईंना घेऊन जा क्लिनिकमध्ये, टाकी दाखवायला सांग, तिथल्या भ्रूणतज्ज्ञाशी बोला, रिसेप्शनशी नाही. कुठल्या संस्थेला जाणार, तिची नोंदणी आहे का, नीतिसमितीची मंजुरी आहे का, लेखी माग. आणि नष्ट होऊ द्यायचं ठरलं तरी तेही पाप नाही, निसर्गात कितीतरी फलित बीजं आईला कळायच्या आत वाहून जातात आणि त्यासाठी आपण कुठल्याही आईला बोल लावत नाही.

प्रश्न : मी वसईचा कॅथलिक. माझी मुलगी 11 वर्षांची, टाइप वन डायबेटिस, दिवसाला चार इंजेक्शनं. वाचलं की अमेरिकेत स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशी देऊन लोकांचं इन्शुलिन सुटलं, पण त्या पेशी भ्रूणापासूनच्या आहेत. आमचं चर्च याला विरोध करतं. उद्या हे औषध इथे आलं तर मी बाप म्हणून काय करू? — ज. डि., वसई

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वाचलंत ते बरोबर आहे, व्हर्टेक्स कंपनीची ती चाचणी, 2025 मध्ये निकाल छापून आले, पूर्ण डोस मिळालेल्या 12 पैकी 10 जणांना वर्षभराने बाहेरून इन्शुलिन लागत नव्हतं. पण ते सगळे मोठी माणसं, ज्यांची साखर धोकादायक खाली जायची असे, आणि शरीराने त्या पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्यांना चालूच ठेवावी लागतात. 11 वर्षांच्या मुलीसाठी आज तो रस्ता नाही. कुणी मुंबईत "तीच ट्रीटमेंट" म्हणून पैसे मागितले तर उठून निघून या.

चर्चचं म्हणणं मी माझ्या परीने समजून घेतलंय. बीज फळलं त्या क्षणापासून माणूस म्हणून मान द्यायचा, म्हणून भ्रूण मोडून केलेलं संशोधन त्यांना मान्य नाही, व्हॅटिकनच्या 1987 आणि 2008 च्या दोन्ही सूचनांत ते स्वच्छ लिहिलंय. पण स्टेम सेलला सरसकट विरोध नाही, मोठ्या माणसाच्या शरीरातल्या, नाळेतल्या मूलपेशींच्या कामाला त्यांचा पाठिंबाच आहे. आणि त्याच 2008 च्या लेखनात एक जागा आहे जी तुम्ही फादरना नक्की विचारा : चुकीच्या मार्गाने मिळालेल्या पेशींवर बनलेली लस मुलाच्या आरोग्याला धोका असेल तर आईबाप देऊ शकतात, मात्र आपली नापसंती सांगून आणि दुसरा पर्याय मागत राहून. ती गोष्ट लसीची आहे, औषधातच भ्रूणापासूनच्या पेशी असतील तर ते नातं जास्त जवळचं, त्यामुळे तेच उत्तर इथे चालेल असं मी म्हणू शकत नाही. तो निवाडा तुमचा आणि तुमच्या फादरचा.

पण पर्याय मागत राहणं याला किती अर्थ आहे ते सांगते. जपानमधले शिन्या यामानाका, एकदा मित्राच्या क्लिनिकमध्ये मायक्रोस्कोपखाली भ्रूण बघत होते आणि त्यांना वाटलं की यात आणि माझ्या मुलींत फरक तो किती, हे असं मोडत राहणं बरं नाही, दुसरा मार्ग असलाच पाहिजे. 2006 मध्ये त्यांनी उंदराच्या कातडीच्या पेशी घेऊन त्यांना पुन्हा मूलपेशींसारखं केलं, 2007 मध्ये माणसाच्या, आणि 2012 मध्ये नोबेल. भ्रूण लागलाच नाही. मला तर हे उदाहरण फार जवळचं वाटतं, कारण मनाला टोचलं म्हणून तो माणूस थांबला नाही, जास्त कामाला लागला. त्याच वाटेने पुढे जाऊन चीनमध्ये तियानजिनला टाइप वन असलेल्या एका 25 वर्षांच्या मुलीला तिच्याच शरीरातल्या पेशींपासून बनवलेल्या इन्शुलिनच्या पेशी दिल्या आणि अडीच महिन्यांनी तिचं इन्शुलिन थांबलं, 2024 मध्ये ते प्रसिद्ध झालं. एकच पेशंट आहे, लगेच हुरळून जाऊ नका. पण तुमची मुलगी मोठी होईल तोपर्यंत तुम्हाला मुलगी की श्रद्धा अशी निवड करावी लागणार नाही असं मला मनापासून वाटतं. तोवर शाळेत तिच्या दप्तरात ग्लुकोजची गोळी आणि वर्गशिक्षिकेला ती कधी द्यायची हे माहीत, एवढं बघा.

प्रश्न : आमचा मुलगा 5 वर्षांचा, ऑटिझम आहे. एका क्लिनिकने स्टेम सेलचे तीन डोस, साडेचार लाख सांगितलेत. आम्ही नवस बोललो होतो आणि दुसऱ्याच दिवशी मंदिरात एका ओळखीच्यांनी हे क्लिनिक सुचवलं. बायको म्हणते हा देवाचाच कौल आहे. — एक वडील, कांदिवली

भाऊ, नका देऊ. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्टेम सेलचा उपचार म्हणून मान्य वापर रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी, बोनमॅरो ट्रान्सप्लांट म्हणतात तो. बाकी सगळं अजून प्रयोगात, म्हणजे मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. ऑटिझमसाठी तर हा उपचार करू नये असंच राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये सांगितलंय. म्हणजे त्यांना एकच प्रश्न विचारा : हे ट्रायल असेल तर साडेचार लाख कसले, आणि ट्रायल नसेल तर हे तुम्ही करताय कुठल्या आधारावर?

मला या प्रकाराचा खूप राग आहे. भ्रूणाचं पाप-पुण्य यावर लोक रात्ररात्र भांडतात, आणि आईबापाच्या नवसावर डोळा ठेवून आशा विकणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही. माझ्या नात्यातल्या एका घराने असे डोस घेतले, मंगळसूत्र मोडलं, मुलगा होता तिथेच आहे आणि स्पीच थेरपीची सव्वा वर्षं वाया गेली ती वेगळीच. वहिनींना सांगा, ज्या देवाला नवस बोललात त्यानेच तुमच्या हाताला हे पत्र लिहायची बुद्धी दिली, कौल तोही असू शकतो. पैसे ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी आणि चांगल्या शाळेला लागणार आहेत, पुढची खूप वर्षं लागणार आहेत.

प्रश्न : मी रुईयाला बीएस्सीला आहे. गांधारीच्या गोळ्याचे शंभर भाग करून तुपाच्या घड्यांत वाढवले, म्हणजे स्टेम सेल आपल्याकडे आधीच होते ना? प्रोजेक्टमध्ये लिहू का? — अ., माटुंगा

प्रोजेक्टमध्ये नको लिहूस रे बाळा. स्टेम सेलला पेशी कळावी लागते, पेशी दिसायला भिंग लागतं, आणि त्या कथेत यातलं काही नाही. (भाग 101 होते, दुःशला विसरू नकोस.) पण आईच्या कुशीबाहेर जीव वाढू शकेल अशी कल्पना व्यासांच्या कथेत येते हे मला फार मोठं वाटतं, आणि ते मोठं वाटायला लॅबचं सर्टिफिकेट लागत नाही.

प्रश्न : आम्ही कोकणी मुसलमान. माझ्या 9 वर्षांच्या भावाला थॅलेसेमिया, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. डॉक्टर म्हणतात बोनमॅरो द्यायला सख्खं भावंड मॅच झालं तर उत्तम. मी 22 ची आहे, द्यायला तयार. अम्मी म्हणते शरीर अल्लाची अमानत, त्यातलं काढून कसं देणार, आणि स्टेम सेल म्हणजे भ्रूण ना, ते हराम. — न., माहीम

न., यात भ्रूण कुठेच नाही गं. हे तुझ्या स्वतःच्या हाडांतल्या मगजातले स्टेम सेल, रक्त बनवणारे. भ्रूणाबद्दल तुमच्याकडे 120 दिवसांनी रूह म्हणजे आत्मा येते असं बरेच उलेमा मानतात, काही 40 म्हणतात, पण तो वाद तुझ्या केसमध्ये येतच नाही. अम्मीला सांग, हे मूत्रपिंड दिल्यासारखं नाही, तू दिलेला मगज शरीर काही आठवड्यांत पुन्हा भरून काढतं, अमानत पूर्णच्या पूर्ण राहते. एक जीव वाचवला त्याने जणू सगळी माणुसकी वाचवली ही कुराणातली आयत तिला माझ्याहून चांगली पाठ असेल. तरी तिचं मन अडलं असेल तर मोहल्ल्यातल्या मौलानांकडे तूच घेऊन जा, फक्त जाताना डॉक्टरांचा कागद हातात ठेव म्हणजे ते भ्रूण समजून उत्तर देणार नाहीत.

सख्ख्या भावंडाशी पूर्ण मॅच व्हायची शक्यता चारात एक असते, त्यामुळे आधी टेस्ट, मग बाकी. नाही जुळलं तर तुझा दोष नाही, रजिस्ट्रीत बाहेरचा दाता शोधतात. आपल्याकडे हे काही नवं नाही, टाटा हॉस्पिटलमध्ये 1983 पासून बोनमॅरो ट्रान्सप्लांट होतायत, आणि बोरिवलीला महापालिकेचं खास थॅलेसेमियाच्या मुलांसाठी सेंटर आहे, खर्चाचं तिथे मोकळेपणाने विचारा. जुळलं तर तुला भूल देऊन कमरेच्या हाडातून मागच्या बाजूने सुईने मगज काढतील, दोन-चार दिवस कंबर ठणकेल, वाकताना कळ येईल. त्या आठवड्यात लोकलने उभ्याने जाऊ नकोस.